दुसरी किल्ली

आज बालगृहातल्या एका मुलीसोबत तिची भाड्याची खोली ताब्यात घ्यायला गेले होते. मागच्याच महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली, म्हणजे बालगृहातला मुक्काम संपला. सामान किती? एक बॅग आणि कागदपत्रांची फाइल.

फॉर्म भरताना नाव, जन्मतारीख तिने झरझर लिहिली. 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे' या रकान्यापाशी पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग हळूच विचारलं, "ताई, तुमचा नंबर टाकू?" मला भरूनच आलं.

स्वयंपाक, बँकेचे व्यवहार शिकवता येतात, शिकवलेच पाहिजेत. पण रात्री ताप चढला तर फोन कोणाला करायचा? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या, म्हणजे आई-वडिलांऐवजी इतरांनी करायच्या सांभाळाच्या, मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय, की तिथून बाहेर पडण्याची तयारी खूप आधीपासून करून घ्यावी आणि शक्य तिथे प्रत्येक मुलाला या काळात साथ देणारी एक ठरलेली, जाणकार व्यक्ती असावी. एक माणूस. एवढंच. आपल्या घरात वाढलेली मुलं पंचविशीतही हक्काने परत येतात, आणि यांना मात्र अठराव्या वर्षी सगळं जमायला हवं, हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

निघताना पाहिलं, तर ती कुलूप लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. "आजवर माझ्याकडे किल्ली कधी नव्हतीच," म्हणाली. दुसरी किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. रविवारी पडदे लावायला जायचंय.