तिसऱ्याचा स्कोअर
मला गोल्फमध्ये खरी गंमत वाटते ती आयझेनहॉवर ट्रॉफीत. हौशी पुरुषांची ही सांघिक जागतिक स्पर्धा. एका संघात तिघे, चार दिवस, रोज 18 होल, म्हणजे चेंडू घालायचे 18 खड्डे. फटके जितके कमी तितकं चांगलं, पण दिवसाअखेर सर्वात कमी फटक्यांचे दोनच स्कोअर धरतात. तिसऱ्याचा स्कोअर गेला पाण्यात! म्हणजे आज ज्याचे 80 फटके झाले, तोच उद्या संघाला तारू शकतो. 2002 च्या आधी संघात चौघे असत आणि तिघांचे स्कोअर धरत. मला विचाराल तर आत्ताचंच बरं, चुकायला जागा कमी.

पहिली स्पर्धा 1958 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर झाली. अमेरिकेचा न खेळणारा कर्णधार होता खुद्द बॉबी जोन्स, हौशी गोल्फमधला दिग्गज. चार दिवसांनंतर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोघांचेही 918 फटके! मग आणखी एक फेरी, आणि ऑस्ट्रेलिया दोन फटक्यांनी जिंकला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मेरियनच्या मैदानावर मात्र अमेरिकेने 42 फटक्यांनी बाजी मारली. पुढे महान गोल्फपटू ठरलेल्या, तेव्हा वीस वर्षांच्या जॅक निकलसचे चार दिवसांत एकट्याचे फक्त 269 फटके. अशी एकतर्फी मॅच मी तरी अर्ध्यात बंद केली असती.

महिलांची एस्पिरितो सांतो ट्रॉफी 1964 ची. पहिल्याच वर्षी फ्रान्सने घरच्या मैदानावर अमेरिकेला हरवलं, तेही एका फटक्याने.