सहाव्या फ्रेमवरचा पाच

माझ्याकडे जुने कॅमेरे घेऊन येणारे बहुतेक जण आधी किंमत विचारतात. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे कॅमेरे मांडलेले असतात, तिथं कुणीतरी काहीतरी आकडा सांगितलेला असतो आणि तो खरा का खोटा हे माझ्याकडून हवं असतं. मी कॅमेरे विकत घेत नाही आणि विकतही नाही. फिल्म डेव्हलप करतो, स्कॅन करतो. त्यामुळे सातारा जिल्ह्यातून आलेल्या त्या गृहस्थांनी 'यशिका मॅट १२४जी' टेबलावर ठेवून "यात रोल आहे वाटतं" असं म्हटलं, तेव्हा मला कॅमेऱ्यापेक्षा त्या वाक्यात जास्त रस होता.

कॅमेरा त्यांच्या वडिलांचा. वडील हायस्कूलमध्ये चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे आणि शाळेत काही कार्यक्रम असला की फोटोही काढायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. कॅमेरा घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली पडून होता. आता शाळेचा सुवर्णमहोत्सव आलाय, स्मरणिका निघणार आहे, म्हणून शोधाशोध झाली आणि हा सापडला. सापडल्यावर घरातल्या कुणीतरी पहिलं काम काय केलं, तर मागचं झाकण उघडून आत पाहिलं.

हे लोक का करतात, मला कळत नाही. आत काय दिसणार असतं? पस्तीस एमएमचा रोल असता तर तिथंच सगळं संपलं असतं. या कॅमेऱ्यात लागणाऱ्या १२० च्या रोलला मात्र पाठीमागून काळा कागद असतो, फिल्म त्या कागदासोबतच गुंडाळली जाते. त्यामुळे झाकण क्षणभर उघडलं तरी उजेड फक्त कडांतून शिरतो, मधला भाग वाचतो. पण या कॅमेऱ्यात झाकण उघडलं की फ्रेमचा आकडा मूळ जागी परत जातो. म्हणजे बारापैकी किती फोटो काढले होते, हे सांगणारी एकमेव खूण त्या उत्सुकतेत गेली.

मग हातांनीच अंदाज घ्यावा लागला. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे बाह्यांतून हात घालायच्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, कॅमेरा उघडून दोन्ही स्पूल चाचपले. ज्या स्पूलवर फोटो काढलेली फिल्म गुंडाळत जाते तो बऱ्यापैकी जाड, दुसऱ्यावर थोडे वेढे शिल्लक. म्हणजे सात-आठ फोटो झालेले, शेवटची तीन-चार फ्रेम कोरी. ही बातमी चांगली होती, कारण कोरी फिल्म हीच अशा कामात सगळ्यात मोलाची वस्तू. उरलेले वेढे अंधारातच हळूहळू पुढच्या स्पूलवर गुंडाळून घेतले. असा रोल उलगडताना सर्वात आधी हातात येतो तो शेवटचा, न वापरलेला भाग. त्याच्या तीन पट्ट्या कापून काळ्या डबीत ठेवल्या आणि बाकीचा रोल तसाच बंद केला. कागदाचं बाहेरचं टोक कापून उजेडात पाहिलं. 'ओरवो', एनपी २२. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याची फिल्म, उजेडाला संवेदनशीलता १२५ एएसए. त्या देशाशी आपला व्यवहार रुपयांत चालायचा, त्यामुळे ती इथं परवडायची आणि सहज मिळायची. तालुक्याच्या स्टुडिओंत एका काळी हीच चालायची.

इतकी वर्षं पत्र्याखाली तापलेल्या फिल्मवर दोन गोष्टी एकदम होतात. फोटोची जी अदृश्य प्रतिमा चांदीच्या कणांत अडकलेली असते, ती विरत जाते. आणि जिथं कधी उजेड पडलाच नाही तिथले कणही आपोआप काळे व्हायला तयार होऊन बसतात, त्याला आम्ही फॉग म्हणतो. म्हणजे आवाज बारीक होत जातो आणि गलका वाढत जातो. अशा रोलला नेहमीच्या वेळेत, नेहमीच्या तापमानाला डेव्हलप करणारी लॅब ग्राहकाला काळी पट्टी परत देते आणि "फिल्म खराब होती" म्हणून मोकळी होते. असे रोल माझ्याकडे नंतर येतात, आणि तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. एक पट्टी कापून चाचणी घ्यायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न देणाऱ्यांनी जुने रोल स्वीकारू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पट्टी एचसी-११० या डेव्हलपरमध्ये नेहमीच्या एकास एकतीस प्रमाणात, नेहमीच्या वेळेला टाकली. कोळशासारखी निघाली. दुसरीला वेळ कमी केला आणि बेन्झोट्रायझोलचे थेंब घातले. हे औषध फॉगला दाबून धरतं, पण खऱ्या प्रतिमेलाही थोडं दाबतं, म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. तिसऱ्या पट्टीला पाणी बर्फाने अठरा अंशांवर आणलं. तिच्यातून पलीकडचा दिवा दिसला. मग ठरलं.

रोल डेव्हलपिंग टँकच्या रीळावर चढवणं हा वेगळाच छळ होता. इतकी वर्षं गुंडाळलेली फिल्म सरळ व्हायला तयारच नसते, सुटली की परत आवळून बसते. पिशवीत हात घामेजले, तरी घाई केली नाही. डेव्हलपर, पाणी, प्रतिमा पक्की करणारा हायपो, धुणं. टँक उघडला तेव्हा फिल्म गडद करडी होती, पण तिच्यात चौकोन दिसत होते. आठ.

पहिल्या दोन चौकोनांत काही ओळखू येत नाही. पुढचे मैदानावरचे, लेझीम चालू आहे. एकात शिक्षकांचा गट, कडेचे दोघं झाकण उघडलं त्या उजेडात गेलेले. आणि सहावा चौकोन वर्गातला. टेबलावर तांब्या आणि चुण्या पाडून ठेवलेलं कापड, मागे फळा, फळ्याशेजारी स्वतः सर उभे. मुलाला एवढंच माहीत होतं की वडिलांचे फोटो जवळजवळ नाहीतच, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. हा फोटो एखाद्या विद्यार्थ्यानं काढला असणार. हे मी फोटोवरून सांगू शकतो, कारण तो एका बाजूला कललेला आहे. यशिकात वरून काचेत बघायचं असतं आणि तिथं डावं-उजवं उलट दिसतं. सवय नसलेला माणूस कलणारा कॅमेरा सावरायला जातो आणि आणखी कलवतो. सरांचा हात किंचित पुढे आलाय. "सरळ धर" म्हणत असावेत.

अशा दाट नेगेटिव्हला फ्लॅटबेड स्कॅनर पुरत नाही. मी ती डिजिटल कॅमेऱ्यानं, मॅक्रो लेन्स लावून टिपतो. खाली रंग अचूक दाखवणारा एलईडी पॅनेल, मध्ये न्यूटनचे गोल, म्हणजे काच फिल्मला टेकली की दिसणारी वलयं, उमटू न देणारी काच, कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे आरसा ठेवून तपासायचं, आणि एकाच फ्रेमची कमी-जास्त एक्स्पोजरं घ्यायची. "तुमच्या स्कॅनरला धूळ घालवायचं बटण नाही का?" असं बरेच जण विचारतात. ते बटण रंगीत फिल्मसाठी आहे. ते इन्फ्रारेडवर चालतं, आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला अख्खा फोटोच धूळ वाटतो. इथं धूळ हातानं, एकेक कण टिपूनच काढावी लागते.

स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून फळ्याकडे गेलो. आधी फक्त राखाडी ओरखडे होते. तीन एक्स्पोजरं एकत्र केली, गडद भागातला फरक ताणला आणि अक्षरं वर आली. 'इ. ८ वी ब'. त्याखाली 'स्थिरचित्र'. वरच्या कोपऱ्यात 'शुक्रवार, २-१२-८३'. चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर, 'स्थ'चा काना खाली किंचित वळवलेला. मी कॅलेंडर काढून पाहिलं, २ डिसेंबर १९८३ ला शुक्रवारच होता. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

पण सरांच्या चेहऱ्यावर '५' होता. १२० च्या कागदावर फ्रेमचे आकडे छापलेले असतात आणि उष्णतेनं ती शाई फिल्मवर उमटते. गुंडाळीत आतल्या वेढ्याच्या कागदाची छापील बाजू बाहेरच्या वेढ्याच्या फिल्मला चिकटून असते, म्हणून सहाव्या फ्रेमवर पाचवा आकडा. कपाळापासून डाव्या गालापर्यंत, बरोबर डोळ्यावरून. पांढुरका, कडा फुटलेला.

हा डाग कमी करता येतो. आकड्याच्या आकाराचा मास्क करून तेवढ्याच भागाचा टोन खाली आणायचा. खाली चांदी असेल तिथं चेहरा परत येतो, नसेल तिथं येत नाही. मी तेवढंच केलं. गाल आला, भुवई अर्धी आली, आणि डाव्या डोळ्याची पापणी बरीच खाली उतरलेली दिसली. आकड्याची सावली उरलीच. फाइल पाठवताना मी लिहिलं की यापुढे जे काही कराल ते रंगवणं असेल.

मुलानं ती फाइल मोबाइलवरच्या एआय ॲपमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी मला फोटो आला. आकडा गायब, फोटो सरळ, त्वचा नितळ, दोन्ही डोळे सारखे टक्क उघडे. सोबत, "सर, हे बघा, फुकटात झालं."

मी फळा मोठा करून पाहिला. 'स्थिरचित्र'च्या जागी देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी होतं. शिरोरेघ होती, वेलांट्या होत्या, पण एकही अक्षर आपल्या भाषेतलं नव्हतं. तारखेचे आकडेही तसेच. मी लगेच फोन केला. म्हटलं, "दादा, यानं फळ्यावर कुणीही न लिहिलेलं लिहिलंय. तिथं ते आपल्याला कळतं, कारण आपल्याला वाचता येतं. चेहऱ्यावरही यानं तेच केलंय, फक्त तिथं आपल्याला पकडता येत नाही." वडिलांच्या डोळ्याला या फोटोच्या आधीच दुखापत झाली होती आणि पापणी कायमची उतरली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे मी काढलेली पापणी खरी होती. मला वाटलं, विषय संपला.

नेगेटिव्ह आणि कॅमेरा घ्यायला ते आले तेव्हा आई सोबत होत्या. मी दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवले. मनात खात्री होती की काकू स्कॅनवर बोट ठेवतील. त्यांनी ॲपवाला उचलला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मी म्हटलं, "काकू, यातला डोळा खरा नाही. सरांचा डोळा असा नव्हता." त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक? लग्नात हे असेच होते. डोळ्याला लागलं ते नंतर. आमच्या लग्नाचा एकपण फोटो नाही बाळा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या यंत्राला सरांचं लग्न माहीत नव्हतं, दुखापत माहीत नव्हती. त्यानं फक्त हजारो डोळ्यांची सरासरी काढून एक डोळा बसवला, आणि तो या बाईंच्या आठवणीत जाऊन चपखल बसला. त्यांच्या घरातल्या भिंतीवर कुठला फोटो लागावा, हे मी कोण सांगणार? मी तो त्यांना चांगल्या मॅट कागदावर छापून दिला, पैसे घेतले नाहीत.

स्मरणिकेचं मात्र मला पटत नाही. मुलानं समितीकडे ॲपवालाच फोटो पाठवला, "छपाईत उठून दिसतो" म्हणून. शाळेच्या पन्नास वर्षांच्या अंकात तो छापला की उद्या तोच पुरावा होणार. आठवी ब मधली ती मुलं आता पंचावन्नच्या आसपास असतील, त्यांच्यापैकीच एकानं तो कॅमेरा हातात धरला होता. अंकात २ डिसेंबर १९८३ वाचता आलं, तर कुणीतरी पुढे येऊन म्हणेल, "तो मी काढला." त्या निरर्थक अक्षरांतून कुणाला काही आठवणार नाही. समितीला मी फोन केला तर उत्तर मिळालं की तुमच्या फोटोवर आकडा दिसतो, लोकांना छपाईची चूक वाटेल. मी म्हटलं, खाली ओळ छापा. ओळीला जागा नाही म्हणाले. जाहिरातींना बारा पानं आहेत.

काल मी दोन्ही प्रिंट दहा इंचांचे करून मुख्याध्यापकांच्या नावानं कुरिअर केले. सोबतच्या चिठ्ठीत चेहऱ्याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. दोन्ही फळे शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा, एवढीच विनंती केली आहे.