शनिवारची रुई

नाशकात देशी झाडांची एक सार्वजनिक बाग सांभाळतो. बहावा, ताम्हण फुलले की लोक आपसूक मोबाइल काढतात. रुईच्या वाट्याला ते कौतुक नाही. ठेकेदाराच्या माणसांनी दोनदा ती तण म्हणून मुळासकट उपटली. घाणेरीला मात्र हात लावत नाहीत, तिला रंगीत फुलं येतात ना!

त्या शनिवारी दहाला शाळेची मुलं अळ्या बघायला यायची होती. साडेसहाला पोचलो तर एक आजी पिशवी घेऊन रुईपाशी उभ्या. मी लांबूनच ओरडलो, "अहो, पाटी दिसत नाही का?" आवाज नको तेवढा चढला.

"मारुतीला हार करायचाय रे. एकवीसच पानं घेतली. तुझ्या अळ्यांना शिवले नाही. किडकं पान देवाला चालतं का?"

खरंच, अळ्या जागच्या जागी होत्या. एक तर शीर कुरतडून आधी चीक गळू देत होती. मग खायला बसते. पण या अळ्या ज्याच्या, त्या प्लेन टायगर फुलपाखराची मादी अंडी घालते पानाच्या खालच्या अंगाला, एकेक सुटं, खसखशीएवढं. तेही बऱ्याचदा कोवळ्या, न कुरतडलेल्या पानाला. म्हणजे देवाला चालणाऱ्याच.

भिंग काढून पिशवीतलं एकेक पान उलटं केलं. तीन पानांवर अंडी निघाली. आजींनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ. मग ती तीन पानं माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "अठराच उरली की." शेवटी मीच तीन पानं तपासून तोडून दिली. पाटीसुद्धा माझ्याच अक्षरातली.

"पूर्वी गंगेच्या काठानं हवी तेवढी रुई होती," जाताना म्हणाल्या; गंगा म्हणजे आमची गोदावरी. "आता सगळी फरशी. अंजनेरीचा मारुती आपला, अन् त्याला पान मिळेना."

तोडलेलं पान मलूल पडतं, म्हणून ती तीन पानं जिवंत पानांना बाभळीच्या काट्यांनी टाचली. अळी निघाली की आपली आपण पलीकडे सरकते. चौथ्या दिवशी दोन सरकल्या.

फाटकाबाहेर रुईच्या सहा फांद्या खोचल्यात, हारासाठी. "हे तण कुणी लावलं?" असं साहेबांनी विचारून झालंय. चार फांद्यांना फुटवे आलेत. आजी मात्र त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी आल्या नाहीत, आणि राहतात कुठे हे मी विचारलंच नव्हतं.