मुलांना घेऊन लढाईला?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. मंडळाच्या गणपतीत, पुण्याला गेलं की आत्याकडे, मुलांच्या शाळेतल्या आयांकडून: "तुमचा तो मध्ययुगीन छंद वगैरे ठीक आहे गं, पण मुलांचं काय करता तिथे?" विचारणाऱ्यांनी माझ्या नवऱ्याचा चिलखतातला फोटो पाहिलेला असतो आणि त्या फोटोत मुलं कुठे बसवायची हे त्यांना कळत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी छंद काय तो. १ मे १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही तरुण मंडळींनी एका घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन थाटाची लढतींची स्पर्धा भरवली. ती संपल्यावर विसाव्या शतकाचा निषेध करत रस्त्यावरून मिरवणूकही काढली. त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम उभी राहिली. आम्ही नुसतं एससीए म्हणतो. इसवी सन १६०० च्या आधीचे कपडे, स्वयंपाक, सुलेखन, विणकाम, नाच, लढाई हे सगळं वाचायचं आणि स्वतः करून बघायचं, एवढाच उद्योग. जगाचे भाग पाडून त्यांना 'किंगडम' म्हणतात. आम्ही न्यू जर्सीवाले ईस्ट किंगडमचे रयत. राजा लढून ठरतो आणि सहा महिन्यांत बदलतो, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांपेक्षा बराच लवकर.

मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग शिवाजी महाराज?" महाराजांचा जन्म १६३० चा. तीस वर्षांनी हुकतात. धाकट्याने यावर दोन दिवस अबोला धरला होता. चांदबिबी मात्र बसते: १५९५-९६ मध्ये तिने मुघलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवला. मी लेकीसमोर चांदबिबी मोठ्या आशेने मांडली. लेकीने ऐकून घेतलं आणि ती व्हायकिंग झाली. होऊ दे. प्रत्येकाने आपलं पात्र स्वतः निवडायचं, हा इथला रिवाज आहे आणि तो मुलांनाही लागू आहे. मी स्वतः देवगिरीच्या यादवांच्या काळातल्या एका कापूसव्यापाऱ्याची बायको आहे, आणि शेजारच्या तंबूतल्या नॉर्मन बाईला त्यात काहीच विचित्र वाटत नाही.

आता मुलं. माझं मत जरा कडक आहे. कोपऱ्यात एक टेबल मांडून त्यावर क्रेयॉन आणि रंगवायची चित्रं ठेवली, 'मुलांसाठी कार्यक्रम' अशी पाटी लावली, की मुलं गेलीच समजा. अर्ध्या तासात ती "घरी कधी जायचं?" विचारायला येतात. त्या टेबलाशी बसलेली आईसुद्धा पुढच्या वेळी येत नाही. मुलांना काम द्यावं लागतं. खोटंखोटं नव्हे, त्यांनी केलं नाही तर मोठ्यांचं अडेल असं.

उदाहरणार्थ मेजवानी. मध्ययुगीन युरोपात जेवणाच्या पानाशी काटा जवळजवळ नसायचाच. माणसं सुरी, चमचा आणि हात यांवर जेवायची, त्यामुळे जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालणं हा मानाचा उपचार होता. आमच्याकडे हे काम मुलांचं. धाकटा सहा वर्षांचा असताना त्याच्या हातात तांब्या दिला, दुसऱ्या मुलीच्या हातात तस्त, तिसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल. धार बारीक सोडायची, बाही भिजवायची नाही, आणि राणीच्या उजव्या हातापासून सुरुवात, एवढंच सांगितलं होतं. जीभ दातात धरून तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. राजाने, म्हणजे एरवी विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाने, त्याच्यासाठी स्वतःच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या आणि हात धुऊन झाल्यावर मान लववून आभार मानले. घरी पाण्याचा ग्लास उचलून ठेव म्हटलं तर ऐकू न येणारा हा मुलगा पुढच्या वेळी तांब्या कोण धरणार म्हणून भांडला.

दरबाराचंही तसंच. दरबार लांबतो, मानपत्रं वाचली जातात, आणि मुलं चुळबुळायला लागतात. त्यावर आमच्या किंगडममध्ये एक फक्कड उपाय आहे. मुलांना पुढे बोलावतात, खेळण्यांनी भरलेली पेटी एखाद्या सरदाराच्या हातात देतात, त्याला थोडी आघाडी देतात, आणि तो पेटी घेऊन दालनाबाहेर धूम ठोकतो. मुलं आरडाओरडा करत मागे. त्याला गाठलं की पेटी मुलांची. तोवर आत मोठ्यांचं कामकाज शांतपणे उरकतं. ज्याने ही युक्ती काढली त्याला घरी किमान तीन मुलं असणार.

आणि खेळ. ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६० मध्ये मुलांच्या खेळांचं एक मोठं चित्र काढलं. ते आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात ऐंशीच्या वर खेळ मोजता येतात. डाव्या कोपऱ्यात खाली दोघीजणी हाडांचे तुकडे उडवून झेलतायत. हे चित्र पाहिल्यावर मी गावाहून सागरगोटे मागवले. युरोपात मेंढीच्या पायातली हाडं, आपल्याकडे बिया, एवढाच फरक. आता प्रत्येक कार्यक्रमात माझ्या चटईवर व्हायकिंग, सॅक्सन आणि एक छोटा समुराई डाव मांडून बसलेले असतात, आणि मोठी माणसं "जरा बघू" म्हणत खाली बसतात ती उठत नाहीत.

लढाईबद्दल बोलल्याशिवाय तुमचं समाधान व्हायचं नाही. मोठे लढतात ते वेताच्या तलवारींनी. धार नसते, पण फटका सणसणीत बसतो, म्हणून लोखंडी शिरस्त्राण, गळा, कोपर, गुडघे, कंबर असं सगळं झाकावं लागतं. मुलांची लढाई वेगळी. हत्यारं फोम गुंडाळलेली, डोक्याला शिरस्त्राण, वयाप्रमाणे गट, आणि समोर मार्शल म्हणजे पंच उभा. मोठ्यांच्या मैदानात सोळाव्या वर्षाआधी प्रवेश नाही, आणि तेव्हाही आईवडिलांची लेखी परवानगी लागते.

मला त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, "होल्ड!" मैदानात कुठेही काही धोकादायक दिसलं, कुणाचा पट्टा सुटला, एखादं पोर दोरीखालून आत शिरलं, की कुणीही "होल्ड!" ओरडायचं. ऐकणारा प्रत्येकजण जागच्या जागी थांबतो, तोही हा शब्द पुढे ओरडतो आणि बऱ्याचदा गुडघा टेकून बसतो. ओरडणारा चार वर्षांचा असला तरी शेकडो चिलखती माणसं थांबतात. नव्या मुलाला मी सगळ्यात आधी हेच शिकवते, कपड्यांच्याही आधी.

दुसरं म्हणजे फटका बसला की नाही हे पंच सांगत नाही. ज्याला बसला तोच सांगतो. हाताला लागला तर तो हात पाठीमागे घ्यायचा, डोक्याला लागला तर स्वतःच आडवं व्हायचं. मोठ्या माणसांनाही हे जड जातं, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला ते पहिल्या दिवशी जमेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमचे सासूबाई-सासरे कोल्हापूरचे. तालमीतले मर्दानी खेळ पाहत सासूबाई वाढल्या, दांडपट्टा फिरवणाऱ्या मुली त्यांना नव्या नाहीत. नातीच्या हातात तलवार पाहून त्यांनी फक्त "पाय नीट टाक" एवढं सांगितलं. खटकलं ते वेगळंच. धाकटा सराव करताना अंगणात "मेलो!" म्हणून ओरडला. "भरल्या घरात असं बोलू नये," त्या म्हणाल्या, "लागलं म्हण." तेव्हापासून आमचा धाकटा भर मैदानात, अमेरिकन मुलांच्या घोळक्यात, "लागलं!" असं ओरडून मरतो.

त्याच सासूबाईंमुळे मला कुटुंबाबद्दलची गोष्ट उमगली. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वेटर घालून, घडीच्या खुर्चीत, "तुमचं चालू द्या" म्हणत बसल्या होत्या. समोर काही बायका टकळीवर लोकर कातत होत्या. अर्धा तास बघून झाल्यावर सासूबाईंनी हात पुढे केला. त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. कापसाचा पेळू, टकळी, आणि धागा तुटला की बाईंची छडी. त्यांनी लोकरीचा पुंजका चिमटीत धरला, मांडीवर घासून टकळीला फेर दिला, आणि सुईत ओवता येईल इतका बारीक धागा निघायला लागला. "कापसापेक्षा हे सोपं. याचे तंतू लांब असतात," असं त्यांनी जाहीर केलं, ते मला भाषांतर करून सांगावं लागलं. दुपारपर्यंत त्यांच्याभोवती कोंडाळं जमलं होतं आणि माझी लेक, जिला शिवण-टिपणाचा कंटाळा, आजीच्या पायाशी बसून पेळू करत होती. सासूबाईंनी आजतागायत एकही वेषभूषा केलेली नाही. नऊवारी नेसतात, वर स्वेटर. कुणी काही म्हणत नाही.

म्हणून नवं कुटुंब आलं की मी मुलांकडे नंतर बघते, आधी बरोबर ओढून आणलेल्या माणसाकडे. एकजण रमलाय आणि दुसरा गाडीत मोबाईल बघत बसलाय, असं कुटुंब टिकत नाही, मुलांना कितीही खेळणी द्या. त्या माणसाला काय येतं ते शोधायचं. पुष्कळदा ते स्वयंपाकघरात सापडतं. मध्ययुगीन जेवण म्हणजे आपल्याकडच्या माणसाला कोडंच: मिरची, बटाटा, टोमॅटो, मका सगळे अमेरिकेतून पुढे आलेले, म्हणून बाद. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा तो बाद, दाणे बाद, बटाटा बाद, मिरची बाद. उरलं तूप आणि जिरं. हे एका मैत्रिणीच्या नवऱ्याला सांगितलं तर तो हट्टाला पेटला, बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातले मांडे आणि वडे शोधून काढले, मिरी-हिंग-आल्यावर सगळं निभावलं. आता तो स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

अवघड वय बारा ते पंधरा. पेटीमागे धावायची लाज वाटते आणि मोठ्यांच्या मैदानात घेत नाहीत. या वयाची मुलं गळतात, आमचीही लेक एक वर्ष आली नाही. त्यांना छावणीची दवंडी पिटायला द्या, लहानांना शिकवायला द्या, चिलखताची दुरुस्ती द्या. तरी काही जातात. जाऊ द्यावं.

सुरक्षिततेचं विचाराल तर नियम साधे आहेत आणि मी त्यात सूट देत नाही. मुलांच्या कार्यक्रमाला एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मोठी माणसं हवीत, आणि जबाबदारी घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासलेली हवी. पेनसिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात पेन्सिक नावाचं एससीएचं मोठं शिबिर भरतं, दहा हजारांच्या आसपास माणसं दोनेक आठवडे तंबूत राहतात. तिथे दिवसा मुलांची चंगळ असते, रात्री काही छावण्यांत ढोल आणि दारू. लहान मुलं असतील तर शांत भागात जागा मागा, आधी कळवलं तर मिळते.

आणि पहिल्याच वेळी पेन्सिकला जाऊ नका. जवळचा एक दिवसाचा कार्यक्रम बघा. कपडे शिवायची घाई नको, दाराशी उसने मिळतात, मुलांच्या मापाचेही. झब्बा-धोतर असेल तर तेच घाला. सकाळी लवकर या, मुलांना एखादं काम मागून घ्या, आणि दुपारी जेवून, ती अजून रमलेली असतानाच, निघा.