गव्हाणीतला डायनासोर

नाताळची तयारी आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील उतरवण्यावरून सुरू होते. नवरा म्हणतो राहू दे ना, महिन्याभरात परत चढवायचाच आहे. सासूबाई म्हणतात अजिबात नाही, नाताळला चांदणीच पाहिजे, तीही घरी केलेली, बांबूच्या कामट्या आणि वर रंगीत जिलेटिनचा कागद. आता कामट्या तासत कोण बसणार! शेवटी मेन रोडवरून प्लॅस्टिकची चांदणी येते, सासूबाई नाक मुरडतात, आणि मग ती वाकडी लागली म्हणून स्वतःच स्टुलावर चढून सरळ करतात. झाडाचंही तेच. त्यांच्या लहानपणी सुरूची फांदी आणून कुंडीत वाळू भरून उभी करायचे, आमचं झाड वर्षभर माळ्यावर खोक्यात झोपलेलं असतं.

लेक ज्युनिअर केजीत आहे, तिला जुनं काय नि नवं काय, एकदा झालं की ती पद्धत. गेल्या नाताळच्या आदल्या रात्री नेमकी लाइट गेली, स्वयंपाक अर्धाच राहिला आणि आम्ही मेणबत्त्या लावून खिचडी-पापड खाल्लं. झालं. यंदा दिवाळीचा फराळ संपायच्या आत तिने विचारलं, मेणबत्तीवाली खिचडी कधी करायची? मी म्हटलं अगं यंदा बिर्याणी करूया, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी नाताळच रद्द केलाय.

मला स्वतःला जुन्यातलं एक काही केल्या सोडवत नाही, ते म्हणजे बेकरीतून नानकटाई भाजून आणणं. घरात ओव्हन आहे, पण भट्टीची चव त्याला येत नाही हे आमच्याकडे एकमताने ठरलेलं आहे (एकमताने ठरलेली बहुतेक ही एकच गोष्ट). मैदा, थोडा रवा, पिठीसाखर, तूप, वेलची-जायफळ असं सगळं मोजून डब्यांत भरायचं आणि जुन्या गावातल्या बेकरीत सकाळी सकाळी जाऊन नंबर लावायचा. दिवाळीइतकी गर्दी नसते पण बाकड्यावर तासभर बसावं लागतंच, आणि बाहेर डिसेंबरातली नाशिकची थंडी असल्यावर भट्टीजवळ बसायला कोणाची ना नसते. कारागीर तूप-साखर तळहाताने घासत राहतो, घासत राहतो, पांढरंशुभ्र हलकं होईपर्यंत, मग मैदा घालून भराभर गोळे, अंगठ्याने एक दाब, त्यावर चारोळी. ज्याचे त्याचे पत्रे वेगळे, त्यावर नावाची चिठ्ठी. वरून बारीक तडे गेले की समजायचं जमली. गेल्या वर्षी कारागिराने लेकीच्या हातात एक गोळा दिला, तिने त्याचा साप केला, आणि त्या माणसाने हसतहसत तो सापही आमच्या पत्र्यावर ठेवून भट्टीत सरकवला. बारीक असल्यामुळे तो शेपटीकडून करपला. आता यंदा साप करायचाय हे सांगायलाच नको.

करंज्या, चकल्या, शेव घरी होतात. दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून ताटं आली त्यांच्याकडे नाताळला आपली ताटं जातात, रिकामं ताट परत करायचं नसतं.

पण खरी गंमत गव्हाणीत, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यात झाली. सासूबाईंकडे मातीची जुनी चित्रं आहेत, मरिया, योसेफ, बाळ, मेंढपाळ, एका मेंढीचा कान उडालाय. एके सकाळी बघतो तर बैलाशेजारी हिरवा डायनासोर! सासूबाईंनी तो काढला, लेकीने ठेवला, परत काढला, परत ठेवला. शेवटी नवरा मध्ये पडला. तो म्हणाला, आई, बायबलातल्या शुभवर्तमानात बघ, तिथे बैलही नाही आणि गाढवही नाही, गव्हाणी आहे म्हणून लोकांनी मागाहून आणून बांधले, आणि संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरेखुरे बैल-गाढव उभे केले होते. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, मागी, तीनच होते असं तरी मत्तयाने कुठे लिहिलंय? सासूबाई म्हणाल्या, बैल गोठ्यात असतो, डायनासोर नसतो. याला काही उत्तर नव्हतं. डायनासोर मात्र राहिला, मेंढपाळांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला. तडजोड.

चर्च आमचं शरणपूर रोडचं. उपासना संपली की बाहेर सलाम, हस्तांदोलन, कोणाची सून कुठली, हे सगळं उन्हात तासभर चालतं. तिथे सासूबाई नातीला जुन्या गोष्टी सांगतात, की एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं मिशनऱ्यांनी इथे शरणपुरात आणून ठेवली, शिकवली, त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत हिंडलेल्या मिशनरी प्रवाशाचं, डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन थेट लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर होता. लेकीने हे सगळं ऐकून एकच विचारलं, आजी, ती मुलं नाताळला काय खायची? आजी क्षणभरही न अडखळता म्हणाल्या, करंज्या.

गाण्यांवरून मात्र त्या हटत नाहीत. घरी भजनं होणार, पेटी, तबला, टाळ सगळं हवं, आणि रेव्हरंड टिळकांची तर हवीतच. मला कधीकधी वाटतं, ना. वा. टिळकांनी तुकोबांच्या वळणाची भजनं चर्चमध्ये आणली तेव्हा, इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणायची सवय झालेलं कोणीतरी नक्की कुरकुरलं असेल, हे काय नवीनच, टाळ कुटायला हे काय देऊळ आहे का म्हणून. टिळकांना जाऊन (१९१९) शंभर वर्षं उलटली, आता तीच भजनं आमच्याकडे जुन्यातली जुनी. हे मी सासूबाईंना बोलून दाखवलेलं नाही, टाळ त्यांच्या हातात असतात.

सांताचं त्यांना सुरुवातीपासून वावडं. त्याचा येशूशी संबंध काय, असा रोखठोक सवाल. तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप निकोलस वगैरे मी सांगून पाहिलं, तर म्हणाल्या बिशप असे लाल टोपी घालून हो-हो करत नाहीत. पण आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना, म्हणजे गणपतीत आरतीला ओरडणाऱ्या त्याच टोळीला, मोजे टांगायचे असतात, त्यामुळे सांता लागतोच. दुसऱ्या मजल्यावरचे काका होतात. पोट स्वतःचं, दाढी भाड्याची. पक्के वारकरी, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर त्र्यंबकला चालत जातात, त्याआधी डिसेंबरात आमच्याकडे चॉकलेटं वाटतात. यंदा त्यांनी ठणकावून सांगितलं की भाड्याच्या दाढीला वास येतो, म्हणून विकतच आणली, आणि तिलाही दुकानाचा वास येत होता म्हणून मी धुवून गच्चीत दोरीवर टाकली.

लेक नेमकी आजीबरोबर पापड गोळा करायला वर गेली. धावत खाली आली, मम्मी, सांताची दाढी वाळत घातलीये! मी गॅस बारीक करत काय सांगावं विचार करतेय तोवर जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला, मग काय झालं, त्याला आंघोळ नको का?