मधले १८६ क्रमांक

दुपारी दोनला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "अहो, सकाळपासून मारलेला एक बी तोल दिसंना झालाय. पट्ट्या कशा काढायच्या आता?"

त्यांचा तोलनोंदीचा प्रोग्राम माझाच, पायथॉनमधला, डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. जुनी टेबलं मायआयसॅम या साठवणीच्या प्रकारातली होती, वीज गेली की बिघडायची. म्हणून आदल्या रात्री जाऊन मी ती सगळी इन्नोडीबी या दुसऱ्या प्रकारात बदलली होती. प्रोग्रामला मात्र हात लावला नव्हता.

पोहोचलो तेव्हा सौदे आटोपले होते. पन्हाळ्याकडचे एक शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, बाकावर बसून होते. त्यांच्याकडं बघवेना. दिवाणजी सांगत होते, सकाळी स्क्रीनवर सगळे तोल दिसत होते, बेरीजही जुळत होती. जेवायला जाताना प्रोग्राम बंद केला. परत उघडला तर यादी कालच्या तारखेवर थांबलेली.

मी थेट मायएसक्यूएलच्या कमांड खिडकीतून एक चाचणीची नोंद टाकली. टेबलातली शेवटची नोंद ८२२६ ची. नवीला क्रमांक मिळाला ८४१३. तोलाईदारांची वही मागून घेतली. गुळाच्या हातांनी पानं चिकटली होती, ती एकेक सोडवत आजचे तोल मोजले. १८६. मधले गायब क्रमांकही तेवढेच. म्हणजे नोंदी डेटाबेसपर्यंत आल्या होत्या आणि परत गेल्या होत्या.

पायथॉनमधून डेटाबेसशी बोलायची नियमावली म्हणजे पेप २४९. तिच्याप्रमाणे कनेक्शन उघडतं तेव्हा ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक नोंद आपोआप पक्की होणं, बंद असतं. कमिट हा पक्कं करायचा हुकूम देईपर्यंत नोंद कच्चीच. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन, म्हणजे नोंदी एकगठ्ठा पक्क्या किंवा रद्द करणं, हा प्रकारच ठाऊक नाही, टाकलं की पक्कं. म्हणून माझ्या कोडमध्ये कमिट नाही हे इतकी वर्षं कळलंच नाही. इन्नोडीबी कमिटची वाट बघत राहिली आणि कनेक्शन तुटताच सगळं मागं घेतलं. कच्च्या नोंदी ज्या कनेक्शननं टाकल्या त्याला दिसतात, म्हणून सकाळी कुणाला शंका आली नाही. डेटाबेसनं नोंदींना आपोआप वाटलेले ऑटो इन्क्रिमेंट क्रमांक मात्र सहसा परत वापरले जात नाहीत. तेवढीच खूण मागं राहिली.

ऑटोकमिट चालू केलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. मला ते पटेना. एकाचे दहा तोल पक्के झाले आणि अकराव्याला वीज गेली, तर त्या माणसाची पट्टी कमी रकमेची निघणार. त्याच्या वर्षभराच्या उसाचा तो पैसा. म्हणून एका शेतकऱ्याचे सगळे तोल झाले की एक कमिट, आणि कमिट झाल्याशिवाय पट्टी छापायचीच नाही, असं बांधलं.

मग वहीवरून पुन्हा नोंदी. दिवाणजी वाचत होते, मी टाइप करत होतो. पन्हाळ्याच्या पाव्हण्यांचे तोल आधी घेतले. पट्टी काढणार तेवढ्यात दिवाणजी म्हणाले, "थांबा. एकदा बंद करून उघडून दावा."

बंद केला, उघडला. तोल जागेवर होते. त्यांनी वहीशी एकेक आकडा ताडून बघितला आणि प्रिंटरमध्ये कागद घातला.