पॅकेजिंगवाल्यांनो, एकदा गोडाऊनला जाऊन या

महिन्यातून दोन-तीन मेसेज ठरलेले असतात, "सर पॅकेजिंग इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुठला सॉफ्टवेअर कोर्स करू?" करा की, कोण नको म्हणतंय, आर्टिऑसकॅडवर (बॉक्स डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) हात बसला असेल तर इंटरव्ह्यूत फायदाच होतो. पण पहिल्या नोकरीत मी ज्यात तोंडावर आपटलो ते कुठल्याच स्क्रीनवर दिसत नव्हतं.

जॉइन होऊन चारेक महिने झाले असतील, गोडाऊनमधून तक्रार आली की तळाच्या थरातले बॉक्स वजनाने दबून बसतायत. मी लगेच मॅककीचा फॉर्म्युला काढला, १९६३ पासून सगळे तोच वापरतात, पुठ्ठ्याचा ईसीटी (पुठ्ठा कडेवर उभा धरून दाबला तर किती जोर सहन करतो ते), जाडी आणि बॉक्सचा घेर टाकला की बॉक्स साधारण किती वजन झेलेल ते कळतं. आकडेमोड केली, जाड कागद सुचवला, खर्च वाढला आणि बॉक्स बसायचे ते बसतच राहिले. मॅनेजरने एकच विचारलं, "जाऊन बघितलंस का?"

नव्हतो गेलो.

गेलो तर फोर्कलिफ्टवाल्या काकांनी दोन मिनिटांत दाखवलं. थर विटांसारखे रचलेले, एक आडवा एक उभा, का तर तशी थप्पी हलत नाही. शिवाय बॉक्स पॅलेटच्या (माल रचायच्या फळीच्या) बाहेर दोन बोटं आलेले. आता बॉक्सवरचं उभं वजन मुख्यतः घेतात चार कोपरे, आणि इथे वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्याच्या मधल्या मऊ भागावर टेकलेला, बाहेर आलेल्या कोपऱ्यांखाली तर नुसती हवा. त्यात जागा दमट, पुठ्ठा ओलावा ओढतो आणि ढिला पडतो. लॅबमध्ये आपण २३ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेला टेस्ट घेऊन खूश, गोडाऊनच्या हवेला ते कोण सांगणार! शेवटी आतल्या बाटल्यांची मांडणी बदलून बॉक्स १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर नीट बसेल असं माप घेतलं, कोपऱ्यावर कोपरा थप्पी लावली, हलू नये म्हणून स्ट्रेच फिल्म गुंडाळली, आणि परत जुन्याच कागदावर आलो (हे मॅनेजरला सांगायला जाताना काय वाटलं ते विचारू नका).

तर पहिलं वर्षभर जमेल तेवढं पॅकिंगच्या लाइनवर उभे राहा, नाइट शिफ्टलाही, कारण ग्लू नीट न चिकटण्याचे प्रकार रात्री ऑपरेटरच्या डोळ्यासमोर होतात आणि सकाळी तुमच्यापर्यंत फक्त आकडा येतो. ड्रॉप टेस्ट (भरलेला बॉक्स ठरलेल्या उंचीवरून टाकून बघणं) स्वतः करा, रिपोर्ट वाचून भागत नाही. आयएसटीए १ए या वाहतुकीसाठीच्या ठरलेल्या टेस्टमध्ये दहा ड्रॉप असतात, आधी एक कोपरा, मग त्याला लागून असलेल्या तीन कडा, मग सहाही बाजू, आणि प्रत्येक ड्रॉपनंतर बॉक्स हातात घेतला की कुठून उसवायला लागलाय ते बोटांना कळतं.

फार्मा की फूड की ई-कॉमर्स, हा प्रश्न मला तरी फार मोठा वाटत नाही. फार्मात कागदपत्रं जास्त, एवढी मनाची तयारी ठेवा.

रेझ्युमेत मात्र "पॅकेजिंग डिझाइनचा अनुभव" असलं गुळमुळीत नको. काय तुटलं, का तुटलं, तुम्ही काय बदललं, तीन ओळी पुरे, कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं असलं तरी चालेल. आणि मला मेसेज कराल तेव्हा रेझ्युमेबरोबर एखाद्या फुटलेल्या बॉक्सचा फोटो पण पाठवा, समोरून काढलेला नको, कोपरा जवळून दिसला पाहिजे.